निळ्यावरचा उतारा

बारावीच्या प्रॅक्टिकलला फेरिक लोह ओळखायच्या दोन टेस्ट असायच्या. एका टेस्ट ट्यूबमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकले की शाईसारखा गडद निळा साका धरायचा. दुसरीत थायोसायनेटचे दोन थेंब टाकले की द्रावण ताज्या रक्तासारखं लाल व्हायचं. दोन्ही नळ्या स्टँडमध्ये शेजारी शेजारी ठेवायच्या, जर्नलमध्ये ‘लोह निश्चित’ लिहायचं, सरांची सही घ्यायची आणि सुटायचं. त्या निळ्या नळीपासून लाल नळीपर्यंतच्या दीड इंचात सायनाइडच्या विषाची आणि त्यावरच्या उताऱ्याची सगळी गोष्ट मावते, हे मला फार उशिरा कळलं.

मराठीत ‘उतारा’ हा शब्द एका जागी थांबत नाही. विषावरचा उतारा असतो. मराठीच्या पेपरात ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ असतं. तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा असतो आणि अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला दहीभात-लिंबाचाही असतो. दरवेळी काहीतरी एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरतं: पुस्तकातून पेपरात, दफ्तरातून हातात, माणसावरून तिठ्यावर. सायनाइडवरची औषधं नेमकं हेच करतात. ती विषाला मारत नाहीत, त्याला उतरायला दुसरी जागा देतात. म्हणून तो उतारा मी पेपरातल्या उताऱ्यासारखाच वाचतो, ओळ न ओळ.

आधी निळ्याबद्दल. ‘सायनाइड’ हा शब्दच ग्रीकमधल्या गडद निळ्यावरून आला. 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू हा रंग हाती लागला, आणि 1782 मध्ये स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने त्या रंगातून एक आम्ल वेगळं काढलं. प्रुसिक आम्ल, म्हणजेच हायड्रोजन सायनाइड. ज्या रंगातून हे विष निघालं, तो रंग मात्र आम्ही लहानपणी बोटांना फासत होतो. 1931 साली गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्यांपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या कॅमल रंगपेटीत प्रशियन ब्लूची ट्यूब असायची. चौपाटीचा भरतीचा समुद्र रंगवायचा तर तिच्याशिवाय चालायचं नाही. त्या रंगाने कोणाला काही झालं नाही, कारण त्यातल्या लोहाने सायनाइडला इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की ते सुटत नाही. उलट प्रशियन ब्लू स्वतःच औषध आहे. 1987 मध्ये ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात लोकांना किरणोत्सर्गी सीझियमची बाधा झाली, तेव्हा त्यांना तो पोटात दिला होता.

लोहाची ही पकड लक्षात ठेवायची. पुढच्या उताऱ्याचं ध्रुवपद तेच आहे, आणि त्याची कडवी तीन.

सायनाइड आपल्या गल्लीपासून लांब नाही. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजारातल्या कामात दागिन्यांवर सोन्याचं गिलिट चढवतात. सहजी कशालाच दाद न देणारं सोनं पाण्यात विरघळलेलं राहतं ते सायनाइडच्या संगतीत. कोवळ्या ज्वारीत ते आहे. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत आपला शेतकरी जनावर शिरू देत नाही तो त्यामुळेच. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, त्या टॅपिओकाच्या कच्च्या कंदातही सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. किसून, धुऊन, गाळून, भाजून ते काढून टाकलेलं असतं म्हणून खिचडी बिनघोर खाता येते. म्हणजे माणसाच्या जातीला या विषाची थोडीथोडी सवय फार जुनी आहे, आणि त्याची सोय शरीराने आधीच करून ठेवलेली आहे. त्या सोयीकडे दुसऱ्या कडव्यात येतोच.

विष करतं काय? पेशी प्राणवायू वापरते ती मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमच्या हाताने. त्या एन्झाइमच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो, आणि तो फेरिक रूपात असताना सायनाइड त्यावर जाऊन बसतं. मग प्राणवायूला जागा उरत नाही. चाळीत गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असावी आणि स्वयंपाकघरातली तोटी जाम व्हावी, तसं. फुप्फुसं हवा घेतात, रक्त प्राणवायूने भरून वाहतं, आणि पेशी तहानेने मरते. मेंदू आणि हृदय आधी हरतात, कारण त्यांना थांबून चालत नाही.

इथे एक तपशील आहे, तो जवळून पाहण्यासारखा. पेशींनी प्राणवायू घेतलाच नाही म्हणून रक्त जसं गेलं तसंच परत येतं. शिरेतलं रक्त एरवी काळपट असतं, ते इथे लाल राहतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यावर उजेड टाकला तर एरवी धमनी उजळ आणि शीर गडद अशी सहज वेगळी दिसते. सायनाइडमध्ये दोन्ही सारख्याच लाल दिसू शकतात. मरणाच्या दारातला माणूस आणि रक्त असं तजेलदार! वाईट बातमी इतक्या सुंदर रंगात आलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. कडू बदामाचा वास येतो म्हणतात, पण तो वास ओळखण्याची शक्ती अनेकांच्या नाकात जन्मतःच नसते. वासावर भिस्त ठेवता येत नाही.

मात्र या विषाच्या स्वभावात एक फट आहे. सायनाइड लोहावर बसतं ते कायमचं नाही. बसतं, सुटतं, पुन्हा बसतं. त्या सुटण्याच्या क्षणी त्याला दुसरं, जास्त आवडणारं ठिकाण समोर दिसलं, तर ते तिकडे जातं. सगळी औषधं या एका फटीतून आत शिरतात.

पहिलं कडवं नायट्राइटचं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोह असतं, भरपूर असतं, पण ते फेरस रूपात. सायनाइडला त्याची फारशी ओढ नाही, त्याला हवं फेरिक. लोखंड गंजतं तेव्हा जे रूप घेतं, ते फेरिक. सोडियम नायट्राइट शिरेतून दिलं की ते हिमोग्लोबिनच्या एका हिश्श्याला हेच रूप देतं. थोडक्यात, रक्ताला मुद्दाम थोडंसं गंजवतं. हे गंजलेलं हिमोग्लोबिन, त्याचं नाव मेथेमोग्लोबिन, प्राणवायू वाहायला निकामी, पण सायनाइडला ओढून घ्यायला उत्तम. पेशीतल्या लोहावरून सुटलेलं विष रक्तातल्या लोहावर येऊन बसतं आणि पेशीची तोटी मोकळी होते. शरीराने आपल्या हातातलं थोडं काम टाकून देऊन विषाला बसायला पाट मांडला, असा हा प्रकार. रक्ताचा रंग आता चॉकलेटसारखा तपकिरी होतो.

हे कडवं शूर आहे, पण हात राखून गायचं आहे. मोठ्या माणसाला 300 मिलिग्रॅम, तेही सावकाश, कारण रक्तदाब झपकन खाली येतो. मात्रा वाढली तर इतकं हिमोग्लोबिन गंजतं की उताऱ्यानेच माणूस गुदमरावा. लहान मुलाला तर वजन आणि हिमोग्लोबिन पाहूनच द्यायचं. सलाइनची शीर मिळेपर्यंत अमिल नायट्राइटची काचेची कुपी कापडात फोडून हुंगायला देण्याची रीत होती.

या कडव्याला एक पाठभेदही आहे. जुना अर्थ मेथेमोग्लोबिनचा. पण पुढे लक्षात आलं की नायट्राइटचा गुण कधी कधी मेथेमोग्लोबिन पुरेसं तयार होण्याआधीच दिसतो. मग दुसरा अर्थ पुढे आला: नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते सायनाइडला त्याच्या जागेवरून हलवायला मदत करतं. चांगल्या उताऱ्याला दोन अर्थ लागतात आणि दोन्ही मूळ ओळीला धरून असतात. इथे तसं आहे.

दुसरं कडवं माझं सगळ्यात लाडकं आहे, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार. त्याचं नाव सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटोग्राफरला विचारा, तो म्हणेल, ‘हायपो!’ डार्करूममध्ये निगेटिव्ह पक्की करायचं ते पांढरं, खडीसाखरेसारखं मीठ. चांदीच्या क्षाराचे जे कण प्रकाशाने बदलले नाहीत त्यांना हे विरघळवून वाहून नेतं, आणि उरतं ते चित्र. दादरला दादासाहेब फाळक्यांच्या घरच्या स्टुडिओत ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला, 3 मे 1913 ला तो गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या काळची फिल्म धुऊन पक्की व्हायची ती याच हायपोमध्ये, आणि फाळक्यांच्या घरी फिल्म धुण्याच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे हात होते. चित्र टिकवणारं मीठ माणूसही टिकवतं, हे वाचलं तेव्हापासून दादरच्या फाळके रोडवरून जाताना मला ते आठवतं.

हायपोच्या रेणूत गंधकाचा एक अणू सैलसा, देऊन टाकण्यासारखा असतो. मायटोकाँड्रियात, विशेषतः यकृतात, एक एन्झाइम आहे. ते हा गंधक उचलून सायनाइडला लावतं. गंधक लागलं की सायनाइडचं थायोसायनेट होतं. ते विष म्हणून फार सौम्य आहे, आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. साबुदाण्याच्या कंदापासून जवसापर्यंत माणूस जे जे खात आला, त्यासाठी शरीराने ठेवलेली सोय ती हीच. अडचण एवढीच की अंगात गंधकाचा साठा थोडा. विष जास्त आलं की तो संपतो, आणि एन्झाइम रिकाम्या हाताने बसून राहतं. थायोसल्फेट म्हणजे त्या रिकाम्या हातात दिलेला गंधक. औषधाने नवं काही शिकवलं नाही, शरीराला येत असलेलं काम पुढे चालू दिलं.

आता या एन्झाइमचं नाव. 1933 मध्ये कोनराड लांग यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘ऱ्होडनीज’. थायोसायनेटचं जुनं जर्मन नाव ऱ्होडनाइड, आणि ते आलं ग्रीकमधल्या गुलाबावरून, कारण लोहाशी गाठ पडताच हा पदार्थ लाल होतो. बारावीतली ती दुसरी टेस्ट ट्यूब. म्हणजे शरीर ज्याला हात लावतं तो निळा, आणि जे बाहेर टाकतं तो गुलाब. हे नाव ठेवणाऱ्यांनी कवितेसाठी ठेवलेलं नाही, टेस्ट ट्यूबमधला रंग पाहून ठेवलं. तरी एखाद्या कवीने वर्षभर विचार करून ठेवलं असतं तर याहून नेमकं ठेवलं नसतं.

चीनमध्ये जन्मलेले के. के. चेन याच 1933 मध्ये अमेरिकेत इलाय लिली कंपनीत काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर दाखवून दिलं की नायट्राइट आणि थायोसल्फेट पाठोपाठ दिले तर गुण दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येतो. नायट्राइट द्रुत आहे, ते विषाला पेशीतून हलवून रक्तात आणून बसवतं. थायोसल्फेट विलंबित, 12.5 ग्रॅमचं, कारण मायटोकाँड्रियात ते हळूहळू शिरतं, पण विषाचा शेवट तेच लावतं. एकाने पाहुण्याला दारातून ओट्यावर आणलं, दुसऱ्याने त्याला एसटीत बसवून दिलं. नुसतं ओट्यावर बसवून ठेवलं तर तो पुन्हा आत यायचा. जोडी म्हणून पुढची कित्येक दशकं हीच चालली.

तिसरं कडवं रंगाने सगळ्यात देखणं आहे. बी-12 चं लाल इंजेक्शन गिरगावात, दादरमध्ये अनेकांनी घेतलेलं आहे. शाकाहारी घरात हातापायांना मुंग्या आल्या की डॉक्टर तेच देतात. त्या लाल जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो, आणि बाजारात नेहमी मिळणाऱ्या सायनोकोबालामिन प्रकारात त्या कोबाल्टला एक सायनाइड चिकटलेलं असतं. नगण्य, निरुपद्रवी, घट्ट धरलेलं. त्याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप म्हणजे हायड्रॉक्सोकोबालामिन. त्याच्या कोबाल्टवर सायनाइडची जागा अजून रिकामीच आहे म्हणायला हरकत नाही, कारण तिथे बसलेला हायड्रॉक्सिल गट सायनाइड आलं की उठून जातो. विष आत आलं, बसलं, आणि जीवनसत्त्व झालं. पुढे लघवीतून गेलं. जगातलं सगळ्यात भीती घालणारं विष ज्या जागी बसून औषधाच्या दुकानातलं बी-12 होतं, ती ही जागा.

मात्रा ऐकली की थक्क व्हायला होतं. माणसाला रोज लागतं ते साधारण अडीच मायक्रोग्रॅम. उताऱ्याची मात्रा 5 ग्रॅम, पंधरा मिनिटांत शिरेतून. म्हणजे वीस लाख दिवसांचं बी-12 एका बैठकीला. इतकं का, तर एक रेणू एकच सायनाइड धरतो आणि तो रेणू सायनाइडच्या सुमारे पन्नासपट जड असतो. परिणाम असा की रुग्ण काही दिवस लालसर दिसतो, लघवी वाइनसारखी लाल होते, आणि रंगावर चालणाऱ्या रक्ताच्या काही तपासण्या चुकीचे आकडे दाखवू लागतात. म्हणून जाणते डॉक्टर रक्ताचा नमुना आधी काढून घेतात. आधी फ्रान्समध्ये हे रुळलं, अमेरिकेत त्याला डिसेंबर 2006 मध्ये मान्यता मिळाली.

आगीच्या धुरात याची खरी गरज दिसते. फोम, नायलॉन, लोकर, रेशीम जळताना हायड्रोजन सायनाइड निघतं आणि त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड. 2017 च्या डिसेंबरात लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 माणसं गेली, ती गुदमरून. त्या आगीत सायनाइडचा वाटा किती होता ते मी सांगणार नाही. पण अशा धुरातून काढलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने आधीच जागा अडवलेल्या असतात. त्याला नायट्राइट देऊन उरलेलं हिमोग्लोबिनही गंजवलं तर तो वाचायचा कसा? तिथे पहिलं कडवं वगळावं लागतं. बी-12 चं कडवं अशा वेळी रक्ताच्या वाहतुकीला हात लावत नाही, ही त्याची थोरवी.

आता परळ. आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आणि हाफकिन संस्था एकाच रस्त्याला आहेत. हाफकिनने साप चावलेल्यांसाठी प्रतिविष केलं. घोड्याने आपल्या रक्तात घडवलेली प्रतिद्रव्यं सापाच्या विषाला मिठी मारतात. सायनाइडसाठी घोडा नको, दोन क्षार किंवा एक जीवनसत्त्व पुरतं. पण युक्ती दोन्हीकडे तीच, विषाला पेशीपेक्षा जवळचं कोणीतरी मिळवून द्यायचं.

केईएममुळे मला भोपाळ आठवतं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तिथे मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. पुढे केईएमच्या छातीविकार विभागातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी वायुबाधितांच्या फुप्फुसांच्या अवस्थेवर 1985 मध्ये केईएमच्याच ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये लिहिलं. तिकडे भोपाळमध्ये न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्त आणि अवयव चेरीसारखे लाल दिसले. वर सांगितलेलाच तो लाल. बाधितांच्या अंगात सायनाइडही आहे का, आणि थायोसल्फेट द्यावं का, यावर मोठा वाद पेटला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तुलनात्मक चाचणी घेतली. थायोसल्फेट दिलेल्यांच्या लघवीत थायोसायनेट वाढलं, काहींना बरं वाटलं, आणि 1985 च्या सुरुवातीला परिषदेने ते द्यावं अशी शिफारस केली. तरी ते सगळ्यांपर्यंत पोचलं नाही. औषध द्या म्हणून माणसांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. हायपोला त्यावेळीही कोणाचं पेटंट नव्हतं, आणि ते महागही नव्हतं. इतकं साधं औषध हजारो माणसांच्या शिरेपर्यंत नेता आलं नाही, याचं दुःख मला आजही वाटतं.

या तीन कडव्यांत मी पहिला नंबर कोणाला देईन? रंगाला दिला तर बी-12 ला. तरी माझं मत थायोसल्फेटला आहे. त्याच्यात घाई नाही, थाट नाही. शरीराला आधीपासून येत असलेलं काम त्याने कमी पडू दिलं नाही, आणि विषाला परत यायला वाट ठेवली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, नायट्राइटही आहे.

पण हा उतारा उघडायचा तर आधी कोणाला तरी त्याचं शीर्षक सांगावं लागतं. रक्तातलं सायनाइड मोजून निकाल येईपर्यंत वेळ हातातून गेलेला असतो. डॉक्टर अंदाजावर औषध सुरू करतात: बेशुद्धी, कोसळता रक्तदाब, रक्तात लॅक्टेट फार वाढलेलं, आणि माणूस कुठून आला त्याची माहिती. ती माहिती द्यायचं काम तुमचं-माझं आहे.

गिलिटच्या कामात, बंद खोलीतल्या धुरात कोणी कोसळलं तर वायू असेल तिथे स्वतः धावत शिरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. माणूस मोकळ्या हवेत आला की त्याचे भिजलेले कपडे हातमोजे घालून काढा, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, 108 ला फोन करा. आणि दवाखान्याच्या दारात पोचल्यावर नाव, वय, पत्ता विचारायच्या आधी स्पष्ट सांगा: ‘डॉक्टर, सायनाइड असू शकतं.’